ताईचं गाव, आईचा डबा

ताई,

तुझ्या गावच्या सरपंचाचा परवा पुन्हा फोन आला. डेलला मेयर म्हणायचं असतं हे मला माहीत आहे. पण ज्या गावात एक धान्याचं कोठार, दोन चर्च, एक पेट्रोलपंप आणि बाकी सगळा मका आहे, त्या गावच्या प्रमुखाला मी सरपंचच म्हणणार. तू होतीस तेव्हाही म्हणत होते आणि तू हसत होतीस. माझा सकाळचा चहा चाललेला असतो तेव्हा त्याची संध्याकाळ असते. तो हवामान सांगतो, पिकाचं सांगतो, तुझ्या अंगणातलं गवत कापल्याचं सांगतो. मग घसा खाकरून विचारतो, "घराचं काही ठरलं का?"

तुला जाऊन महिना होत आला. घर तू माझ्या नावावर करून ठेवलंस, हे मला तुझ्या वकिलाकडून कळलं. आज भाजी काय केली इथपासून सगळं फोनवर सांगणारी तू, एवढं मात्र बोलली नाहीस. तर येरवड्यात बसून मी नेब्रास्कातल्या एका लाकडी घराची मालकीण झाले आहे. त्या घराच्या किमतीत शनिवार पेठेत गाडी लावायला जागा मिळायची नाही, पण प्रश्न किमतीचा नाहीच. तुझ्या गावाला नवी डॉक्टर मिळते आहे. केरळची मुलगी आहे, नवरा आणि लहान मूल घेऊन येणार आहे. दवाखान्याला लागून घर मिळालं तरच येणार, असं तिनं कळवलंय. गावात रिकामी घरं पुष्कळ आहेत, पण राहण्याजोगं आणि दवाखान्याशेजारचं एकच आहे. ते द्यायचं की नाही, हे मी सांगायचं आहे. नाही म्हटलं तर ती दुसऱ्या गावी जाईल, आणि तुझ्या गावातल्या म्हाताऱ्यांना खोकला झाला तरी तासभर गाडी हाकावी लागेल.

मला नाही म्हणायचं होतं. तुला हे कळणार नाही असं नाही. "दुसरा डॉक्टर मिळाला की येते, उज्जू," हे तू मला किती वर्षं सांगत होतीस! आई होती तोवर तिलाही तेच सांगितलंस. दिवाळीत सांगितलंस, चौदा एप्रिलला सांगितलंस, माझ्या निवृत्तीच्या दिवशी सांगितलंस. वरच्या मजल्यावरची खोली मी तुझ्यासाठी रंगवून ठेवली होती. आणि तू गेल्यावर, बघ, महिन्याच्या आत डॉक्टर मिळाली. मी डेलला विचारलं, "ही बाई इतकी वर्षं कुठं होती?" तो भला माणूस, खोटं बोलता येत नाही त्याला. म्हणाला, "डॉक नंदा होत्या तोवर आम्ही फारसं शोधलंच नाही बहुधा." मी फोन ठेवून दिला. 

तुझ्याशी भांडायला आता तू नाहीस, म्हणून हे लिहिते आहे.

तू त्या गावाला निघालीस ते दिवस मला आठवतात. शिकून झाल्यावर त्या देशात राहायचं तर काही वर्षं डॉक्टर नसलेल्या गावात काम करायचं, अशी अट होती. आमच्या डोळ्यांसमोर अमेरिका म्हणजे उंच इमारती. तू नकाशा पसरून बोट ठेवलंस तिथं काहीच नव्हतं. बाबा म्हणाले, "छापायचं राहिलंय का?"  आई मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेली आणि तुझ्यासाठी झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आली. त्यावर नाव घालून आणलं होतं, तेही स्वतःचं. शेवंताबाई. तू वैतागलीस. "आई, तिथं कोण ओळखणार आहे शेवंताबाईंना?"

"नाव नसलं तर परत कसा यील?" आई म्हणाली. "डबा हाय तो. इकडं तिकडं जानारच."

आपल्या वस्तीत तिचे डबे जायचेच. कुणाकडं बाळंतीण असली, कुणाकडं माणूस गेलं, की आईचा डबा भरून जायचा, आणि परत यायचा तोही भरून. कुणी रिकामा पाठवला तर आई तो डबा घासून पालथा घालताना जरा जोरात आपटायची. त्या आवाजातून आपण दोघी शिकलो.

आता तुझ्या त्या प्रसिद्ध घोटाळ्याविषयी. तुझ्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या मार्थाबाईंनी काचेच्या भांड्यात बटाटे आणि चीज घालून भाजलेलं काहीतरी आणून दिलं. भांड्याच्या तळाशी चिकटपट्टीवर त्यांचं नाव. तुला ते ओळखीचं वाटलं. तिकडं नाव कोरत नाहीत, चिकटवतात, एवढाच फरक. तू ते खाल्लंस, भांडं घासलंस आणि आईच्या नियमाप्रमाणे त्यात पोहे घालून परत केलंस. मार्थाबाईंना वाटलं, या देशाबाहेरून आलेल्या पोरीच्या घरी अशी रीत दिसते, रिकामं घेतलं तर वाईट वाटेल. त्यांनी भांड्यात सफरचंदाचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड प्रकार, घालून पाठवला. तू परत शिरा. त्या परत मक्याचं सूप. तुला वाटलं, या बाई किती प्रेमळ आहेत, थांबतच नाहीत. त्यांना वाटलं, ही पोरगी किती मानी आहे, थांबतच नाही. वसंत आला तरी दोघी रांधत होतात. शेवटी मार्थाबाई एकदा तुझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक, बाळा, भांडं रिकामं परत केलं तरी चालतं इकडं. मी आता दमले." तू हे मला फोनवर सांगितलंस तेव्हा हसून हसून तुला बोलता येत नव्हतं. आईला सांगितलं, तर ती गंभीरपणे म्हणाली, "मंग? बंद केलं का काय?"

बंद केलं नाहीत. मार्थाबाई गेल्या तोवर चालू होतं, आणि मार्थाबाईंकडून ते गावात पसरलं. आईचा डबाही बाहेर पडला. तुझ्या पत्त्यावर तो कुणाकुणाच्या घरून फिरून यायचा. त्यावर कोरलेलं काय आहे म्हणून कुणी विचारलं की तू सांगायचीस, माझ्या आईचं नाव. त्यामुळे तिकडं त्या डब्यालाच शेवंता म्हणायला लागले. "चर्चच्या जेवणाला बटाटे शेवंतात घेऊन या," असं म्हणत. आईला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा लाजली, मग वस्तीभर सांगत फिरली.

माझा आणि तुझा वाद सुरू झाला तो मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले तेव्हा. मी नगररचना खात्यात नकाशे काढणारी बाई. माझा जन्म पुणे वाढताना बघण्यात गेला. आज मळा असला की पुढच्या आराखड्यात तिथं पिवळा रंग, म्हणजे घरं. माझ्या हातांनी मी किती मळे पिवळे केले असतील! आणि तू मला तुझ्या मेन स्ट्रीटवर उभी केलीस. एका बाजूला बंद सिनेमाघर, त्याच्या पाटीवरची अर्धी अक्षरं पडलेली. कापडाचं दुकान बंद. शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळून टाकलेली. ज्या गावाशी पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉलात हाडवैर, त्याच गावची जर्सी आता पोरं घालतात, असं तू सांगितलंस. हमरस्ता गावाला वळसा घालून गेलेला, आणि त्या रस्त्यानं तालुक्याच्या मोठ्या दुकानात जाणारं गिऱ्हाईक पुन्हा मेन स्ट्रीटला काही फिरकलेलं नाही. शेतं मात्र वाढलेली. चार घरांची शेती एका घरात, आणि एका घराची माणसं एका यंत्रात.

"ताई," मी म्हटलं, "हे गाव संपलंय."

"गाव वसलं कसं माहितीये?" तू म्हणालीस. "वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागायचं. तिथं तिथं रेल्वेनं गावं आखली."

"मग आता इंजिनाला पाणी लागत नाही."

"नाही. पण माणसांना लागतं."

तू असली उत्तरं द्यायचीस. मी म्हटलं, लोकसंख्या कमी होत जाणाऱ्या गावाचा विकास म्हणजे काय, हे मला एका नकाशावर दाखव. तू म्हणालीस, "तुझ्या नकाशावर खोकला दिसतो का?" मी रागावले. दोन दिवस आपण एकमेकींशी भाजीपुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी तू मला धान्याच्या कोठारावर घेऊन गेलीस.

सुगीचे दिवस होते. मक्यानं भरलेले ट्रक वजनकाट्यासमोर रांगेत उभे. तुझा तिथला उद्योग मी तोवर ऐकला होता, पाहिला नव्हता. तू काट्याशेजारी घडीची खुर्ची टाकलीस, रक्तदाब मोजायचं यंत्र मांडलंस आणि रांगेतल्या एकेका शेतकऱ्याला खाली बोलावलंस. ही माणसं जन्मात दवाखान्यात पाऊल टाकत नाहीत, पण ट्रकचं वजन होईपर्यंत त्यांना दुसरं काही करताही येत नाही. काट्यावरचा माणूस तुझ्या बाजूचा होता. तुझं मोजून झाल्याशिवाय तो पावती देत नसे. एक लालबुंद आडदांड गृहस्थ म्हणाले, "डॉक, माझी तब्येत ठणठणीत आहे." तू त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत म्हणालीस, "मक्यात ओल किती आहे हे यंत्रानं बघता ना? मग गप्प बसा." पुण्याचं नाव काढलंस अगदी. त्या गृहस्थांना तू तिथूनच शहरात पाठवलंस आणि त्यांच्या हृदयावर वेळेत उपचार झाले. ते अजून आहेत. तुझ्या निरोपाला पहिल्या रांगेत बसून ढसाढसा रडत होते.

तुझा निरोप. तो कसा झाला हे तुला सांगायला हवं, कारण बाकी सगळ्यांना कळलं, तुलाच कळलं नाही.

मी पोहोचले तेव्हा पाद्रीबाई माझी वाट बघत होत्या. चर्चच्या तळघरातला हॉल त्यांनी मोकळा केला होता. म्हणाल्या, "डॉक आमच्या नव्हत्या हे आम्हाला माहीत आहे. तुमच्याकडे काय लागतं, सांगा." मी म्हटलं, मेणबत्त्या, फुलं, आणि बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ती ताईच्या भिंतीवर आहे. त्यांनी स्वतः आणून टेबलावर ठेवली, वाकडी होती ती सरळ केली. मी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. एकटीचा आवाज त्या हॉलमध्ये केवढा तरी लहान वाटत होता. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मागं पाहिलं तर सगळं गाव उभं राहिलं होतं. त्यांना एक शब्द कळत नव्हता. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला, ताई, आणि फार रागही आला. इतक्या लोकांनी तुला माझ्यापासून ठेवून घेतलं होतं.

मग जेवण, आणि पुढचे काही दिवस भांडी. दारात कुणीतरी उभं, हातात काचेचं भांडं, तळाशी चिकटपट्टी. बटाटे, शेवया, कोंबडी, लाल जेली. मी एकटी बाई, किती खाणार? फ्रीज भरला, मग ओटा भरला, मग जेवणाचं टेबल. डेल म्हणाला, भांडी रिकामी करून चर्चमध्ये ठेवा, ज्याचं तो नेईल. मी हो म्हटलं. रागात होते, आवरून निघायचं होतं. भांडी घासून पुसून खोक्यात भरायला घेतली, आणि हात थांबला. आईचा आपटण्याचा आवाज आला कानात.

तुझ्या फडताळात पोहे मूठभर निघाले. शेंगदाणे होते, कढीपत्ता वाळवलेला होता, आणि आईच्या डब्यात कांदा-लसूण मसाला, मीच मागच्या खेपेला पाठवलेला. डेलच्या पेट्रोलपंपावरच्या दुकानात जाऊन मी मक्याचे पोहे मागितले, म्हणजे ते लोक दुधात घालून खातात ते. होती तेवढी पाकिटं घेतली. तो बघत राहिला. मक्याच्या गावात मी मक्याचा चिवडा केला, तोही रडत. मसाल्यानं की तुझ्यामुळं, ते सांगता यायचं नाही. मसाला सगळा संपला. मग तो डबाही घासला आणि चिवडा भरून बाकीच्या भांड्यांबरोबर ठेवला.

मग एकेक भांडं घेऊन मी गावात हिंडले. पाठीमागचं नाव वाचायचं, घर विचारायचं, दार ठोठावायचं. नकाशे काढण्यात हयात गेलेल्या बाईनं ते गाव पायी पाहिलं ते त्यावेळी. बंद पडलेल्या बँकेत आता रोझाबाईंची खाणावळ आहे. त्या आणि त्यांची माणसं मेक्सिकोतून आली, सिनेमाघराचं छप्पर त्यांच्याच भावानं दुरुस्त केलं. त्यांनी चिवडा तिथंच तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "तिखट कमी झालंय." पलीकडे माळावर पवनचक्क्या आल्या आहेत, त्यांच्या भाड्यावर दोन पोरं शहरातून परत येऊन शेती करतायत. शाळेच्या रिकाम्या इमारतीत पाळणाघर निघालंय. तू हे सगळं फोनवर सांगत होतीस आणि मी, खरं सांगू का, कान दिले नव्हते. मला फक्त तू कधी येतेस तेवढं ऐकायचं असायचं. तरी मी म्हणेन की ते गाव लहानच होत जाणार आहे. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

वृद्धाश्रमातल्या एका आजींकडे गेले. त्यांना दिसत नाही. आईचा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, बोटं नावावर फिरवली आणि म्हणाल्या, "शेवंता. म्हणजे तू दुसरी मुलगी." आपल्या वस्तीतसुद्धा आता मला असं ओळखणारं कुणी उरलेलं नाही. मी त्यांच्याजवळ बराच वेळ बसले. डबा त्यांच्याकडेच राहिला. निघायच्या गडबडीत तो मागून आणायचं राहून गेलं.

एक भांडं मात्र पोहोचवता आलं नाही. निळ्या झाकणाचं. तळाशी मार्थाबाईंचं नाव, अक्षर पुसट झालेलं. त्या गेल्या तेव्हा ते तुझ्याकडं होतं, आणि परत करायला कुणी उरलं नाही म्हणून तू ते तसंच ठेवलेलं. त्यांच्या घराच्या जागी आता गवत आहे. ते मी तुझ्या अस्थींबरोबर घेऊन आले. विमानतळावर सामान तपासणाऱ्यानं ते उघडून पाहिलं. आत काय असणार? थोडा चिवडा होता.

परवा डेलचा फोन आला तो आईच्या डब्यावरून. हवामान झालं, पीक झालं. मग म्हणाला, "शेवंता परत आली. वृद्धाश्रमातल्या आजींनी बिस्किटं भरून पाठवली आहेत. तुमच्याकडे पुण्याला पाठवू का? नाव आहे त्यावर तुमच्या आईचं." मग घसा खाकरला. "आणि घराचं काही ठरलं का?"

मी खिडकीत उभी होते. समोर पूर्वी मोकळं मैदान होतं, तिथं आता टॉवर आहे. त्यात कोण राहतं, मला माहीत नाही. ओट्यावर मार्थाबाईंचं भांडं होतं, त्यात सध्या मी रवा ठेवते.

"डबा पाठवू नका," मी म्हटलं. "ताईच्या घरात ठेवा, ओट्यावर. नव्या डॉक्टरीणबाई आल्या की त्यांना सांगा, हा रिकामा परत करायचा नसतो."

"कुणाला परत करायचा?"

"ज्याच्याकडून येईल त्याला."

 पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मग डेल म्हणाला, किल्ली तो स्वतः नेऊन देईल, आणि त्याआधी स्वयंपाकघराला रंग देऊन घेईल. मी म्हटलं, पांढरा द्या, ताईला पिवळा आवडत नसे.

तर घर दिलं, ताई. तुझ्या मनासारखं झालं. माझ्या नावावर का करून गेलीस तेही आता लक्षात आलंय, गावाला हो म्हणायचं ते तुला माझ्याच तोंडून हवं होतं; तू काही साधी नव्हतीस. पण वाद मिटला असं समजू नकोस. वरची खोली अजून तशीच आहे, गादीवर धुतलेली चादर आहे. त्या लोकांनी दुसरा डॉक्टर शोधायला हवा होता, आणि तू यायला हवं होतंस.

तुझी,
उज्जू